पिकअप सरळ पळते पण स्टिअरिंग डावीकडं वाकडं, काढून दाते बदलून बसवू का?

टोमॅटोगाडी
राम राम मंडळी. २०१० ची बोलेरो पिकअप आहे, पावर स्टिअरिंगवाली, पुढं पण पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि मागं पण पाटे. सेकंडहँड घेतलेली, निफाडहून पिंपळगावला टोमॅटोचे क्रेट आणि सीझन संपला की कांदा, एवढंच काम. सीझनच्या आधी गाडी बसायला लागली होती म्हणून एका गॅरेजला पुढं एकेक आणि मागं दोन-दोन पाटे वाढवले, त्यानंतर गाडी टायर खायला लागली म्हणून अलाइनमेंट करून घेतली आणि तेव्हापासून हे नवीन नाटक. गाडी हायवेला सरळ जाते, हात सोडला तरी फार कुठं ओढत नाही, पण स्टिअरिंगचा आडवा दांडा डावीकडं चांगला चार बोटं खाली. म्हणजे मी सरळ चाललोय आणि हात बघितला तर वाटतं डावीकडं वळतोय.

अलाइनमेंटवाल्याकडं परत गेलो तर तो म्हणतो मशीनमध्ये सगळं हिरवं दाखवतंय, गाडी ओके आहे. गॅरेजवाला म्हणतो स्टिअरिंगचं नट खोल, ओढून काढ, दोन दाते फिरवून सरळ बसव, दहा मिनिटाचं काम. आमचे तीर्थरूप म्हणतात सवय होते, राहू दे. मला वाटतं दहा मिनिटाचं काम असेल तर करून टाकू, पण मग मनात येतं की इतकं सोपं असतं तर अलाइनमेंटवाल्यानंच केलं असतं की. कुणी केलंय का? आणि एक, उजवा इंडिकेटर दिला की वळायच्या आधीच पडतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का का ते वेगळं?

सुसाट_साताऱ्या
करून टाक भावा, कशाला एवढा विचार. एअरबॅग नाय काय नाय जुन्या गाडीला, मधलं हॉर्नचं झाकण काढ, नट ढिला कर पण पूर्ण काढू नको नायतर स्टिअरिंग तोंडावर येतं, दोन्ही हातानं हलव, निघालं की सरळ करून बसव. माझ्या मामाच्या गाडीला असंच केलं होतं, अजून पळतेय.

ग्रीसगन
साताऱ्या, मामाची गाडी पळतेय म्हणजे बरोबर केलं असं होत नाही रे. टोमॅटोगाडी दादा, तू नट खोलायच्या आधी हे वाच, जरा लांबलचक आहे.

स्टिअरिंगच्या दांड्याखाली जो बॉक्स असतो ना, त्याला स्वतःचं एक मध्य असतं. आतली गिअरिंग अशी बनवलेली असते की बरोबर मधोमध ती सगळ्यात टाइट असते आणि डावी-उजवीकडं गेलं की थोडी सैल होते, कारण माणूस नव्वद टक्के वेळ सरळच चालवतो आणि तिथंच प्ले, म्हणजे ढिलाई, नको. आता तुझं काय झालंय, चाकं सरळ असताना बॉक्स मधोमध नाहीये, तो डावीकडं सरकलेला आहे. तू वरून स्टिअरिंग फिरवून बसवलंस तर दिसायला सरळ दिसेल, पण खाली बॉक्स आहे तिथंच वाकडा राहणार. म्हणजे सरळ जाताना तू बॉक्सच्या सैल भागावर चालणार. मग काही महिन्यांनी तुला वाटणार स्टिअरिंगला प्ले आलाय, मग कुणीतरी हुशार माणूस बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून तो प्ले काढणार, आणि मग उजवीकडं वळताना बॉक्स खऱ्या मध्यावरून जाईल तेव्हा तिथं जाम होणार, वळणावरून स्टिअरिंग आपोआप परत येणार नाही. लोडेड गाडी घेऊन घाटात हे झालं तर काय, ते तूच बघ.

शिवाय एका बाजूला गाडी जास्त वळणार आणि दुसऱ्या बाजूला कमी. मार्केट यार्डात रिव्हर्स मारताना कळेल.

इंडिकेटरचा संबंध आहे. इंडिकेटर पाडणारी खुंटी स्टिअरिंगबरोबर फिरते, स्टिअरिंग मुळातच वाकडं म्हणून ती पण आधीच एका बाजूला फिरून बसलेली. ते वेगळं दुरुस्त करायला जाऊ नको.

आता खरं कारण. तुझ्या गाडीला पुढं अख्खा एक्सल आहे आणि पाटे आहेत, तर तिथं दोन वेगळे दांडे बघ. एक लांब, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, तो टायरॉड. दुसरा स्टिअरिंग बॉक्सच्या खालच्या आर्मपासून चाकाकडं जाणारा, तो ड्रॅगलिंक. टायरॉडनं टो सेट होतो, म्हणजे दोन चाकं पुढून किती आत किती बाहेर. ड्रॅगलिंकनं स्टिअरिंग सरळ होतं. हे दोन्ही लोक एकत्र करून टाकतात आणि तिथंच सगळा घोळ. अलाइनमेंटवाल्यानं टायरॉड फिरवून टो बरोबर केला, मशीन हिरवं झालं, पण टायरॉड लांब-आखूड केला की ज्या चाकाला ड्रॅगलिंक आहे ते जागेवर राहतं आणि दुसरं फिरतं, मग गाडी रस्त्यावर सरळ जाताना दोन्ही चाकं आपापसात वाटून घेतात आणि स्टिअरिंग त्या हिशोबात वाकडं होतं. त्यानं नंतर ड्रॅगलिंकला हात लावायला पाहिजे होता, लावला नाही. वर तू पुढं पाटे वाढवलेस, म्हणजे चेसिस वर गेली, बॉक्स वर गेला, एक्सल खाली राहिला, ड्रॅगलिंकचा उतार बदलला, तेवढ्यानंसुद्धा स्टिअरिंग फिरतं. दोन्ही कारणं एकाच वेळी घडलीत तुझ्याकडं.

टोमॅटोगाडी
ग्रीसगन भाऊ, लय भारी समजावलं. म्हणजे फक्त ड्रॅगलिंक फिरवला की झालं? दांडा मी बघितला खाली वाकून, दोन्ही टोकाला क्लॅम्प दिसतात, गंजलेत.

ओळंबा
थांबा थांबा. ड्रॅगलिंकला पाना लावायच्या आधी मागचा एक्सल बघा. पाटे पुढंच नाही तर मागं पण वाढवलेत ना तुम्ही, आणि गाडी लोडची. माझं पाट्यांचं काम आहे वडिलांपासून, आमच्याकडं वाकड्या स्टिअरिंगच्या गाड्या येतात त्यात पुढं काही नसतं आणि मागं सेंटर बोल्ट गेलेला असतो असं खूपदा बघितलंय.

सगळे पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट असतो, त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. एक्सल पुढं-मागं सरकू नये हे काम त्या डोक्याचं, आणि दाबून धरायचं काम यू-बोल्टचं. यू-बोल्ट सैल राहिले की सगळा जोर त्या बारक्या बोल्टवर येतो, भरलेली गाडी, जोरात ब्रेक, की कट. वरून काहीच दिसत नाही. एक्सल एका बाजूनं बोटभर सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते, मग पुढची चाकं पण त्याच बाजूला वळवून धरावी लागतात, आणि तुमचं स्टिअरिंग वाकडं.

मोजायला फार काही लागत नाही. सपाट फरशी किंवा सिमेंटचा कट्टा बघा, पुढची चाकं सरळ ठेवा, हबच्या मधून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूनं फुली मारा, चारी चाकांना. गाडी पुढं घ्या, टेप लावा, पुढच्या आणि मागच्या फुलीतलं डावीकडचं अंतर आणि उजवीकडचं अंतर. दोनतीन मिलीमीटरचा फरक सोडून द्या, मोजण्यातच तेवढं होतं. सेंटिमीटरचा असेल तर मागं या. मागं आलात की पाट्याच्या पुढच्या पिनपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूला मोजा, कुठली बाजू सरकली ते लगेच कळेल. तुमचं स्टिअरिंग डावीकडं आहे म्हणजे माझा अंदाज, डावीकडचं अंतर जास्त निघेल.

आणि साध्या अलाइनमेंट मशीनवर फक्त पुढच्या दोन चाकांना सेन्सर लावतात, त्याला मागचं काही कळतच नाही. म्हणून हिरवं.

ह्यूस्टनकर
इथं टेक्सासमध्ये माझ्याकडं १९९९ ची फोर्ड एफ-२५० आहे, फोर बाय फोर, तिला पण पुढं अख्खा एक्सल आणि पाटे. जॉइंट बदलल्यावर स्टिअरिंग सेम असंच वाकडं आलं होतं आणि सेम ड्रॅगलिंकच्या स्लीव्हनं (दांड्यावरची आटेवाली नळी) सरळ झालं, सो ग्रीसगन यांना प्लस वन. एक अ‍ॅड करतो, स्लीव्हच्या एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे असतात, त्यामुळे जॉइंट न काढता नुसती स्लीव्ह फिरवली की दांडा लांब किंवा आखूड होतो. फार फिरवू नका. हिशोब करा, आट्याचं अंतर दीड मिलीमीटर धरलं तर एका पूर्ण फेऱ्यात दोन्हीकडून मिळून तीन मिलीमीटर, आणि बॉक्सचं रिडक्शन साधारण वीसला एक, म्हणजे खाली दोन मिलीमीटर सरकलं तरी वर स्टिअरिंग पंधरा अंशाच्या आसपास फिरतं. पाव-पाव फेरा करत जा.

बऱ्याच नवीन पिकअपना हे लागू नाही, त्यांना बॉक्सऐवजी रॅक असतो आणि स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर, तिथं वाकडं राहिलं तर स्टॅबिलिटीचा दिवा पण लागू शकतो. जुन्या गाडीचं हे सुख आहे, पाना आणि डोकं पुरतं.

सुसाट_साताऱ्या
बरं बाबांनो मामाला सांगतो 😀

टोमॅटोगाडी
अपडेट. ओळंबा साहेब, तोंडात साखर तुमच्या. सोसायटीच्या गोदामापुढं सिमेंटचा कट्टा आहे तिथं रविवारी मोजलं, गवंड्याचाच ओळंबा आणला. डावीकडचं अंतर उजवीकडच्यापेक्षा दीड सेंटिमीटर जास्त!! मला खरं वाटेना, धाकट्या भावाला परत मोजायला लावलं, तेवढंच. मग पाट्याच्या पिनपासून मोजलं तर डावी बाजू मागं सरकलेली. यू-बोल्टला पाना लावला तर डावीकडचे दोन नट हातानं फिरतील इतके ढिले. म्हणजे मी एवढे दिवस वीस-वीस किलोचे क्रेट थप्पीनं भरून हायवेला पळवत होतो ती गाडी अशी. घरी नाही सांगितलं.

आता काय करू, नुसतं सरकवून यू-बोल्ट आवळू का सेंटर बोल्ट पण बदलावा लागेल?

ओळंबा
नुसतं आवळून अजिबात चालणार नाही. बोल्ट कट झालाय हे नक्की समजा. चेसिस जॅकवर घ्या आणि खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका, दगड पण लावू नका विटा तर नाहीच. एक्सल वेगळ्या जॅकवर धरून ठेवा, यू-बोल्ट काढा, पाटा उचला, तुटलेलं डोकं बैठकीच्या भोकात अडकलेलं असेल ते पंचनं बाहेर काढा. भोक अंड्यासारखं लांबट झालं असेल तर नवा बोल्ट पण तिथं खेळणार, मग वेल्डिंग करून परत भोक पाडून घ्यावं लागतं, ते लेथवाल्याकडून करा, दारात नको. पाटे वाढवलेत तर सेंटर बोल्ट लांब लागेल आणि यू-बोल्ट पण लांब. बऱ्याच ठिकाणी पाटे वाढवतात आणि यू-बोल्ट जुनेच ठेवतात, मग नटाला पुरते आटेच मिळत नाहीत, वर दुसरा नट तर लागतच नाही. तुमचे ढिले का झाले ते तिथं बघा.

यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणून बसलेले परत वापरू नका, ते आटे खाल्लेले असतात. चारी नट आळीपाळीनं, तिरके-तिरके आवळा, शेवटचं आवळणं गाडी चाकावर उतरवून. आणि पाचशेएक किलोमीटर लोडनं चालली की परत एकदा आवळायचे. हे कुणी करत नाही.

उजवीकडचा पण खोलून बघा हो, एकाच माणसानं एकाच दिवशी केलेलं काम आहे ते.

ग्रीसगन
ओळंबांचं ऐक. मी पुढचं सांगत बसलो आणि मागचं डोक्यात पण आलं नाही. पण मागचं झाल्यावर पुढचं पण राहीलच बघ, दीड सेंटिमीटरनं चार बोटं वाकडं होत नाही, माझ्या हिशोबानं साधारण अर्धं जाईल. मग असं कर:

आधी पुढचे सांधे तपास. इंजिन चालू ठेव, चाकं जमिनीवर, भाऊ आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडं थोडं थोडं हलवू दे, तू खाली बघ. जो जॉइंट आधी हलतो आणि दांडा नंतर हलतो तो गेला. मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलव, खडखड आली तर किंगपिनचे (चाक ज्या खिळ्यावर डावी-उजवीकडं वळतं तो) बुश नाहीतर बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग, दाबल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर किंगपिन. हे सैल असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात, आज सरळ उद्या वाकडं.

मग टो. ड्रॅगलिंकच्या आधी टो, उलटं करू नको, कारण टो बदलला की स्टिअरिंग परत हलणार. घरी बघायचं असेल तर टायरच्या मधोमध पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, खडूनं खूण कर दोन्ही टायरला, त्या दोन खुणांमधलं अंतर घे. मग गाडी ढकलून पुढं घे, खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येतील एवढी, आणि परत मोज. त्याच खुणा वापरल्यामुळं रिम थोडी वाकडी असली तरी फरक पडत नाही. मागं थोडं जास्त आलं पाहिजे, म्हणजे चाकं पुढून किंचित आत. किती ते गाडीच्या मॅन्युअलमधून घे, माझ्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नको.

शेवटी ड्रॅगलिंक. आदल्या रात्रीच क्लॅम्पला आणि आट्यांना गंज सोडवायचं तेल मारून ठेव, डिझेल पण चालतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर सरळ चालवून गाडी सरळच थांबव, स्टिअरिंग जसं वाकडं आहे तसंच राहू दे. टेपचा तुकडा लावून ठेव ड्रॅगलिंकला, किती फिरवलं ते कळायला. दोन्ही क्लॅम्प ढिले कर, पाईप पान्यानं स्लीव्ह फिरव, आत भाऊ बसलेला असू दे, स्टिअरिंग कुठल्या बाजूला जातंय ते तो सांगेल. उलटं गेलं तर उलटं फिरव, यात पाठ करण्यासारखं काही नाही. सरळ झालं की क्लॅम्प आवळ, पण बोल्टचं तोंड अशा बाजूला ठेव की पूर्ण वळवल्यावर पाट्याला किंवा एक्सलला लागणार नाही, आणि दोन्ही बॉल जॉइंट आपल्या मधल्या ठिकाणी आहेत, एक इकडं एक तिकडं तिरका झाला नाही ना ते बघ. मग चालवून बघ.

आणि दोन्ही टोकाला आटे सारखेच आत असले पाहिजेत. एका टोकाला चार आटे आणि दुसरीकडं भरपूर असं असेल तर आधी कुणीतरी खेळ केलाय तिथं.

डिझेलवाली_ताई
मी वाचत होते नुसतं, पण एक विचारते. स्टिअरिंग आधीच कुणी काढून फिरवून बसवलं असेल तर कसं ओळखायचं? सेकंडहँड गाडी आहे यांची, आमची पण.

ग्रीसगन
ताई चांगला प्रश्न. पुढची चाकं जॅकवर घ्या, स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं, किती फेरे होतात मोजा, त्याच्या निम्मं परत या. तो तुमचा अंदाजे मध्य. तिथं दांडा सरळ दिसला पाहिजे. अंदाजे म्हणतो कारण दोन्हीकडचे स्टॉपर बोल्ट सारखे नसले तर फसवतं, खात्री करायची तर ड्रॅगलिंक बॉक्सच्या आर्मपासून सोडवून नुसता बॉक्स फिरवून मोजा. बॉक्स मध्यावर असताना स्टिअरिंग वाकडं दिसलं तरच वरचं नट खोलायचं, ते एकच कारण आहे ते खोलायचं. म्हणजे साताऱ्याचा मामा अगदीच चुकला असं नाही, त्याच्या गाडीला कदाचित हेच असेल.

सुसाट_साताऱ्या
मामाला हे पण सांगतो, लय खूश होईल

स्पेअरपार्टवाला
ड्रॅगलिंकचे जॉइंट बदलायची वेळ आली तर एक सांगतो. कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि त्या खाचेतून जाणारी स्प्लिट पिन येते त्याला. पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा अजून आवळून जुळवा, ढिला करून नाही. आणि जुनी पिन सरळ करून परत घालायची नाही, चार आण्याची वस्तू आहे. आमच्याकडं गिऱ्हाईक हजाराचा जॉइंट नेतं आणि पिन नको म्हणतं.

टोमॅटोगाडी
झालं काम, सांगायला उशीर झाला, मार्केट चालू होतं. मागं दोन्ही बाजूचे सेंटर बोल्ट गेलेले होते, ओळंबा साहेब तुम्ही उजवीकडचं बोललात ते बरं झालं, तो अर्धा चिरलेला होता, सरकला नव्हता एवढंच. डावीकडचं भोक थोडं लांबट झालं होतं, ते लेथवाल्यानं भरून परत पाडलं. यू-बोल्ट नवे, लांबीचे. एक्सल जागेवर आल्यावर चार बोटांचं दोन बोटांवर आलं, ग्रीसगन भाऊंचा हिशोब जमला. सांधे ठीक निघाले, ड्रॅगलिंकचा बॉक्सकडचा जॉइंट तेवढा हलत होता तो बदलला, नव्या पिनसकट. टो नवीन ठिकाणी करून घेतला, त्या माणसाला आधीच सांगितलं की टायरॉड झाल्यावर ड्रॅगलिंक मी फिरवणार, तो हसला पण हो म्हणाला, आणि त्यानं स्टिअरिंगला लावायचा स्टँड पण लावला जो पहिल्यानं लावलाच नव्हता. घरी येऊन स्लीव्ह फिरवली, क्लॅम्प सुटेना, शेवटी गॅस लावून तापवावा लागला, जॉइंटच्या रबराला ओलं फडकं गुंडाळून. पाऊण फेऱ्यात सरळ. इंडिकेटर पण वळायच्या आधी पडायचा बंद.

फक्त एक, अजून गाडी किंचित डावीकडं जाते, हात सोडला की. स्टिअरिंग सरळ आहे.

ओळंबा
रस्ता बघा आधी. आपले रस्ते पाणी जायला कडेकडं उतरते असतात, आपण डावीकडनं चालतो, म्हणजे किंचित डावीकडं जाणारच. रिकाम्या रस्त्यावर मधोमध चालवून बघा. तिथं पण जात असेल तर पुढचे दोन टायर डावा-उजवा बदला, ओढणं उजवीकडं गेलं तर टायरच आहे. नाहीतर ब्रेक धरून ठेवतोय का बघा, दहा-बारा किलोमीटर ब्रेक न लावता चालवून दोन्ही हबना हात लावून बघायचा, एक जास्त गरम असेल तर तो. जपून लावा हात.

मालेगाव_मोटर्स
माझ्याकडं पॅसेंजर बोलेरो आहे, पिकअप नाही, स्टिअरिंग उजवीकडं वाकडं. हेच सगळं करू का?

ग्रीसगन
नाही, तुझ्या गाडीला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, अख्खा एक्सल नाही, तिथं दोन्ही चाकांचे टायरॉड वेगळे असतात. तिथं एक जेवढा लांब तेवढाच दुसरा आखूड करायचा, दोन्ही सारखं, म्हणजे टो तोच राहतो आणि स्टिअरिंग फिरतं. एकच फिरवलास तर दोन्ही बिघडेल. मागचं ओळंब्यानं मोजायचं तेवढं सेम, तुला पण मागं पाटेच आहेत. वेगळा धागा काढ आणि खालचा फोटो टाक, मग बोलू.